नदीच्या तळाचा हिशेब

वालधुनीला उन्हाळ्यात स्वतःचे असे पाणी जवळजवळ नसतेच. काकोळ्याच्या डोंगरात उगम, जीआयपी रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेल्या तलावाचा शेजार, मग शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर, पुढे उल्हासनगरचे कॅम्प, विठ्ठलवाडी, कल्याण आणि खाडी. एवढाच तिचा प्रवास. पावसाळा सरला की डोंगरातले झरे आटत जातात आणि उन्हाळा लागेपर्यंत पात्रात उरते ते माणसांनी सोडलेले पाणी. त्यात घरांतले मैलापाणी असते, कारखान्यांचे सांडपाणी असते आणि प्रक्रिया केंद्रांतून बाहेर पडलेले पाणीही असते. पहिली दोन बंद व्हावीत आणि पात्रात फक्त प्रक्रिया केलेले पाणी यावे, यासाठी गेली दहा-बारा वर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या, निधीचे प्रस्ताव गेले, निवडणुकांत आश्वासने दिली गेली. समजा, हे सगळे उद्या साधले. एकूण एक घर मलवाहिनीला जोडले गेले, एकूण एक केंद्र नियमाप्रमाणे चालू लागले. वालधुनी मग नदी होईल का?

आज ज्या नियमाने आपण प्रक्रिया मोजतो, त्या नियमाने तरी होणार नाही, असे माझे म्हणणे आहे. नियम पाइपाच्या तोंडाशी उभा राहून पाणी तपासतो. उथळ नदीचे शुद्धीकरण मात्र बरेचसे तळाच्या गाळात चालते, तिथल्या जिवाणूंच्या हातून. प्रक्रिया केलेले पाणी त्या जिवाणूंचे काय करते, हा प्रश्न आपल्या कुठल्याही परवान्यात, अहवालात किंवा निविदेत विचारला जात नाही.

उल्हासची गोष्ट वेगळी आहे आणि ती आधी सांगून टाकलेली बरी, नाहीतर दोन्ही नद्यांना एकच औषध लावले जाते. उल्हास राजमाचीच्या दरीतून उतरते, कर्जत-नेरळ करत बदलापुरात येते. ऐन उन्हाळ्यातही तिला प्रवाह असतो, त्याचे मोठे श्रेय टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्राला जाते. १९२२ साली सुरू झालेले हे केंद्र घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणातले पाणी कोकणात उतरवते. ते पाणी आंध्रा नदीचे. त्याची मूळ वाट इंद्रायणी, भीमा, कृष्णा अशी बंगालच्या उपसागराकडे जाणारी. वीज हवी म्हणून ते इकडे वळवले गेले, आणि बदलापूरच्या बॅरेजपासून जांभूळ, शहाड, मोहिलीपर्यंतच्या पाणी उपशाची उन्हाळी भिस्त त्याच्यावर आणि बारवी धरणावर येऊन पडली. उल्हासमध्ये पडलेली घाण पातळ करायला निदान परक्या खोऱ्याचे का होईना, पाणी आहे. वालधुनीला तेही नाही.

हा फरक किती निर्णायक आहे हे इंग्रजांना शंभर वर्षांपूर्वीच कळले होते. ब्रिटनच्या रॉयल कमिशनने १९१२ सालच्या आठव्या अहवालात सांडपाण्यासाठी ‘वीस-तीस’चा नियम घातला: बीओडी लिटरला २० मिलिग्रॅम, तरंगते कण ३० मिलिग्रॅम. पुढे जगभरचे नियम याच आकड्यांच्या आसपास बेतले गेले. पण मूळ नियमाला एक अट जोडलेली होती. ज्या नदीत हे पाणी सोडायचे, तिच्यात निदान आठपट स्वच्छ पाणी वाहते असले पाहिजे. आकडा जगभर फिरला, अट मात्र वाटेत गळाली. आपल्याकडे वर्षानुवर्षे ३० चा आकडा चालत आला आणि तो भर पावसातल्या गोदावरीला आणि मे महिन्यातल्या वालधुनीला सारखाच लागू होता. आठपट राहो, वालधुनीत त्या काळात पटीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण सोडलेले पाणी हाच तिचा प्रवाह असतो.

बीओडीबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण सगळी भिस्त त्याच्यावर आहे. नमुन्याचे पाणी बाटलीत भरून अंधारात ठेवायचे आणि त्यातल्या जिवाणूंनी ठरावीक दिवसांत किती ऑक्सिजन खाल्ला ते मोजायचे. युरोप-अमेरिकेत हे २० अंशांवर ५ दिवस करतात. आपल्या हवेला साजेसे म्हणून भारतीय पद्धत २७ अंशांवर ३ दिवसांची आहे. चाचणी चांगली आहे, शिवाय स्वस्तही. पण ती बाटलीत होते, आणि बाटलीला तळ असला तरी गाळ नसतो. दुसरे असे की, एवढ्या दिवसांत मुख्यतः कार्बनयुक्त घाणीची भूक मोजली जाते. अमोनियाची भूक सावकाश जागी होते, कारण तो खाणारे जिवाणू हळू वाढतात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे पूर्ण नायट्रेट करायला सुमारे ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. एखाद्या केंद्राचे पाणी बीओडी १० चे, म्हणजे कागदावर उत्कृष्ट, पण त्यात लिटरला २५ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन शिल्लक आहे असे धरू. नदीत पोचल्यावर ते पाणी ११४ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मागणार. ३० अंश तापमानाच्या नदीच्या पाण्यात तुडुंब भरला तरी ऑक्सिजन मावतो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. दाखल्यावर दहाची उधारी लिहिलेली असते आणि नदीच्या नावावर खरी चढते सव्वाशेच्या घरातली.

ही वसुली कुठे होते? गाळात. नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पिरा ही नायट्रीकरण करणारी मंडळी पाण्यात मोकळी फिरण्यापेक्षा वाळूच्या कणांना, दगडांच्या शेवाळी थराला आणि गाळाच्या वरच्या पापुद्र्याला चिकटून राहणे पसंत करतात. त्यांच्याखालचा कारभार लग्नाच्या पंगतीसारखा चालतो. पहिल्या पंगतीला ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू बसतात आणि तो संपवून उठतात. घाण जास्त असेल तर ऑक्सिजन गाळात काही मिलिमीटरच उतरतो. मग नायट्रेट वापरणारे बसतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. त्यांच्यानंतर मँगनीज आणि लोहावर भागवणारे, मग सल्फेटवाले, आणि काहीच उरले नाही की शेवटच्या पंगतीला मिथेन करणारे. प्रत्येक पंगतीतून बाहेर पडणारी वस्तू वेगळी: निरुपद्रवी नायट्रोजन, पाण्यात मोकळा होणारा फॉस्फेट, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, बुडबुड्यांनी वर येणारा मिथेन. वालधुनीच्या काठाने जाताना जो वास येतो त्याला आपण सरसकट केमिकलचा वास म्हणतो. पुष्कळदा तसा तो असतोही. पण त्यातला मोठा वाटा चौथ्या पंगतीतल्या सूक्ष्मजीवांचा असतो.

आता प्रक्रिया केलेले पाणी या पंगतीत काय उलथापालथ करते ते पाहू. त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस आयता मिळतो. फॉस्फेट मुबलक झाला की तो सेंद्रिय पदार्थांतून सोडवून घेण्यासाठी जिवाणू जी विकरे बनवतात, ती बनवणे ते कमी करतात. आयते मिळत असताना कष्ट कोण करणार? अन्न वाढले म्हणजे जिवाणूही वाढत असतील, असे साधे गणित कुणीही करील. पण शिकागो परिसरातल्या दोन नद्यांवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ड्ररी, रोझी-मार्शल आणि केली यांना याच्या उलट दिसले. प्रक्रिया केंद्राच्या खालच्या अंगाला पोषकद्रव्ये जास्त होती, तरी गाळातल्या जिवाणूंची संख्याही कमी होती आणि प्रकारही कमी होते. दोन वेगळ्या नद्यांचे तळ, केंद्राच्या वर एकमेकांपासून भिन्न, केंद्राच्या खाली एकमेकांसारखे होऊ लागले होते. शिकागोतली केंद्रे नियम पाळणारी आहेत, त्यामुळे निष्काळजीपणावर बोट ठेवून हा निष्कर्ष झटकता येत नाही.

त्याशिवाय केंद्राच्या पाण्यासोबत केंद्रातले जिवाणूही नदीत उतरतात. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेली सक्रिय गाळाची पद्धत आजही बहुतेक मैलापाणी प्रक्रिया केंद्रांचा, म्हणजे एसटीपींचा, पाया आहे. म्हणजे प्रत्येक केंद्र जिवाणू पाळूनच चालते आणि त्यांतले काही रोज बाहेर निसटतात. याचा फायदाही होतो. नीट चालणाऱ्या केंद्रातून निसटलेले नायट्रीकारक खालच्या गाळात वस्ती करतात आणि अमोनिया खाण्याचे काम पुढे चालू ठेवतात. पण शेवटी क्लोरीन मारून पाणी सोडले आणि त्याचा अंश शिल्लक राहिला, तर तो याच मंडळींवर आधी उठतो. मैलापाण्याची खूण मानल्या जाणाऱ्या कॉलिफॉर्म जिवाणूंचा आकडा साधला जातो, मात्र नदीचे कामकरी मारले जातात. केंद्राचा व्यवस्थापक याला जबाबदार नाही, कारण त्याला कॉलिफॉर्मचाच जाब विचारला जातो.

औद्योगिक पाण्याचे प्रकरण आणखी अवघड आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत रसायने, रंग, औषधांचे कच्चे घटक बनतात. सीईटीपी हे सामायिक केंद्रही शेवटी जिवाणूंवरच चालते. क्षार त्याच्या हातून जसेच्या तसे निसटतात, आणि जे रेणू जिवाणूंना फोडता येत नाहीत तेही. औषधनिर्मितीचे पाणी काय करू शकते हे हैदराबादजवळच्या पाटणचेरूने जगाला दाखवले. २००७ साली तिथल्या सामायिक केंद्राच्या ‘प्रक्रिया केलेल्या’ पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले, आणि पुढे तिथल्या नदीच्या गाळात प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके भरून असल्याचे दिसले. गाळातले जिवाणू ही जनुके एकमेकांना देतात, आणि देणारे-घेणारे एकाच जातीचे असावे लागत नाहीत. आपल्याकडचा गाळ पाटणचेरूइतका वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण तो तसा नाही हे म्हणायलाही तो तपासावा लागेल.

इथवर गोड्या पाण्याचे झाले. उल्हासवरच्या मोहन्याच्या बंधाऱ्याच्या खाली भरती-ओहोटीचे राज्य सुरू होते आणि हिशेब बदलतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला २,७०० मिलिग्रॅमच्या आसपास सल्फेट असते. खाडीचा गाळ म्हणूनच सल्फेटवाल्यांचे माहेरघर आहे. आणि या गाळात पारा आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या ए. राम, रोकडे, बोरोले आणि झिंगडे या शास्त्रज्ञांनी २००३ साली उल्हासच्या खाडीतल्या गाळातल्या पाऱ्यावर निबंध प्रसिद्ध केला. या पाऱ्याचा उगम होता मर्क्युरी सेलच्या पद्धतीने कॉस्टिक सोडा बनवण्याच्या धंद्यात. ती पद्धत आता मागे पडली, पण पारा कुजत नाही. तो गाळात बसून राहतो.

नुसता बसलेला पारा तुलनेने गरीब असतो. त्याला घातक करतात ते जिवाणूच, आणि मुख्यतः सल्फेटवाले. ते त्याचा मिथिल-पारा करतात, तो माशात चढतो, माशातून माणसात. यात एक विचित्र वळण आहे. गाळ अगदीच सडलेला असला तर सल्फाइड इतका साचतो की तो पाऱ्याला जखडून ठेवतो आणि मिथिलीकरण मंदावते. गाळ पूर्ण निरोगी असला तर सल्फेटवाल्यांची पाळीच येत नाही. धोका सर्वांत जास्त असतो तो मधल्या अवस्थेत. म्हणजे खाडीत येणारी घाण अर्धीमुर्धी कमी केली, पण कुठल्या प्रकारे कमी केली याकडे लक्ष दिले नाही, तर पाण्याचे आकडे सुधारत असताना मिथिल-पारा वाढू शकतो. खाडीत हे घडते आहे, असा माझा दावा नाही. घडू शकते, आणि घडले तरी आपल्या मोजमापांत ते दिसणार नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

उलट दिशेचा दाखला अमेरिकेत सिराक्यूज शहराजवळच्या ओनोन्डागा तलावाचा. तिथेही क्लोर-अल्कली उद्योगाचा पारा तळात साचलेला आणि वरून शहराचे सांडपाणी पडणारे. २००४ मध्ये शहराच्या केंद्राने अमोनियाचे नायट्रेट करण्याची सोय वाढवली. हेतू होता अमोनिया कमी करण्याचा. पण तलावाच्या तळाशी नायट्रेट टिकू लागला, दुसऱ्या पंगतीला भरपूर वाढले गेले, सल्फेटवाल्यांची पाळी लांबली आणि तळच्या पाण्यातला मिथिल-पारा घटला. हे इतके स्पष्ट होते की २०११ पासून तळाशी मुद्दाम नायट्रेट सोडण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. तलाव आणि भरतीची खाडी यांत फरक आहे. त्यामुळे सिराक्यूजचा उपाय कल्याणला चिकटवा असे कुणी सुचवू नये. पण त्या गोष्टीतून एक गोष्ट निर्विवाद उरते. केंद्रातून नायट्रोजन किती बाहेर पडतो याच्याइतकेच तो कुठल्या रूपात बाहेर पडतो हेही महत्त्वाचे आहे, आणि तळाचे जिवाणू कुठले काम करणार ते त्या रूपावरून ठरते.

याच मुद्द्यावर आपले नियम मागे-पुढे होत राहिले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१५ च्या मसुद्यात बीओडी १० आणि अमोनिया-नायट्रोजन ५ अशा मर्यादा होत्या. १३ ऑक्टोबर २०१७ ची अंतिम अधिसूचना आली तेव्हा बीओडी महानगरांना २० आणि इतरांना ३० झाला, आणि नायट्रोजन यादीतूनच गायब झाला. नितीन शंकर देशपांडे यांच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ रोजी बीओडी पुन्हा १० वर आणला आणि एकूण नायट्रोजनची मर्यादाही घातली. या धरसोडीच्या काळात ज्या केंद्रांचे आराखडे मंजूर झाले ती पुढची पंचवीस-तीस वर्षे चालायची आहेत. हवा भरण्याची क्षमता किती ठेवायची, नायट्रीकरणाला पुरेसा वेळ द्यायचा की नाही, हे बांधतानाच ठरते. नंतर केंद्र वाढवायचे म्हणजे नवी निविदा, नवा वाद.

एक आक्षेप मला दिसतो आणि तो हलका नाही. ज्या शहरांचे मैलापाणी अजून प्रक्रियेशिवाय जाते, तिथे गाळातल्या जिवाणूंची काळजी करणे हा श्रीमंती चोचला नाही का? उल्हासनगरचा खेमाणी नाला वर्षानुवर्षे सरळ उल्हासमध्ये पडत आला, तोही पिण्याचे पाणी उचलण्याच्या जागेच्या वरच्या अंगाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीच्या पात्रात टँकरमधून रसायन ओतले गेले आणि काठावरच्या वस्तीतले शेकडो लोक गुदमरून दवाखान्यांत दाखल झाले. वनशक्ती संस्थेने २०१३ साली लवादाकडे दाद मागितली, २०१५ मध्ये लवादाने औद्योगिक केंद्रांपासून नगरपालिकांपर्यंत सगळ्यांना कोट्यवधींचा दंड ठोठावला. पुढे उल्हासनगरातले जीन्स धुलाईचे शेकडो कारखाने बंद पडले, काही आसपासच्या खेड्यांकडे सरकले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातले नदीचे ५३ प्रदूषित पट्टे होते, देशातल्या ३५१ पैकी, आणि मोहने ते बदलापूर हा उल्हासचा पट्टा त्यांत होता. एवढे सगळे पुढ्यात असताना आधी नळ बंद करा, गाळाचे मग बघू, असे कुणी म्हटले तर त्याला मूर्ख म्हणता येत नाही.

तरी मला ते पटत नाही, आणि कारण व्यवहाराचे आहे. मोहिली किंवा शहाडला जे पाणी उचलतात त्यात अमोनिया असला की क्लोरीन आधी त्याच्याशी भिडतो. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन निपटायला आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन खर्च होतो, तेव्हा कुठे जंतू मारायला मोकळा क्लोरीन उरतो. बदलापूर ते मोहने या टापूतला गाळ निरोगी असेल तर अमोनियाचा काही भाग तो वाटेतच फुकट संपवतो. हा गाळ म्हणजे खालच्या शहरांच्या जलशुद्धीकरणाचा पहिला टप्पा आहे. त्याला कुणी पगार देत नाही म्हणून तो कुणाच्या अंदाजपत्रकात नाही. पिण्याच्या पाण्यावर खर्च करणारी महापालिका आणि सांडपाणी सोडणारी नगरपालिका वेगवेगळ्या आहेत, हे त्या दुर्लक्षाचे दुसरे कारण. बदलापूरने अमोनिया उतरवला तर बचत कल्याण-डोंबिवलीची होते. बदलापूरच्या नगरसेवकाने त्यासाठी मत का द्यावे, याचे उत्तर खालच्या शहरांनी पैशांत द्यायला हवे. उपदेशाने हे होणार नाही.

आपल्या गाळाचे काही गुण तर परदेशी निबंधांत सापडतही नाहीत. तो सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून झिजून आलेला आहे, लोह आणि मँगनीजने समृद्ध. लोह फॉस्फेटला धरून ठेवते, सल्फाइडलाही बांधून टाकते. पात्रातल्या चिखलाचा काळा रंग हा पुष्कळ अंशी आयर्न सल्फाइडचा रंग आहे. म्हणजे या तळाला सोसण्याची ताकद जन्मतः जास्त मिळालेली आहे. मात्र ती संपण्याजोगी आहे, आणि लोह एकदा सल्फाइडने गुंतवून टाकले की फॉस्फेट पाण्यात सुटू लागतो. मग जलपर्णी माजते. शहाड-मोहन्याकडे नदी झाकून टाकणारी ती हिरवी चादर गाळाच्या दिवाळखोरीची निशाणी असू शकते. आणि चादर मेल्यावर तळाशी बसून उरलासुरला ऑक्सिजनही खाते. जलपर्णी जागच्या जागी मारणे किंवा चिरडून सोडून देणे यासारखा उफराटा उद्योग दुसरा नाही. ती बाहेर काढली तरच तिने शोषलेला नायट्रोजन-फॉस्फरस बाहेर जातो.

दुसरा गुण पावसाचा. २६ जुलै २००५ चा पूर बदलापूरकर विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडवली आणि हजाराहून अधिक प्रवासी बोटींनी काढावे लागले. एवढे टोकाचे पूर सोडले तरी दर जुलैत नदी आपला तळ खरवडते. ज्या नद्यांना असे पूर येत नाहीत, तिथे वर्षानुवर्षे थर साचतात. इथे ऑक्टोबरात नव्याने वसाहत सुरू होते आणि मेपर्यंत ती शिगेला पोचते. याचा अर्थ असा की वरून येणारे पाणी खरोखर सुधारले तर गोड्या पाण्यातला तळ सुधारायला दशके लागणार नाहीत, दोन-तीन पावसाळ्यांतही फरक दिसू शकेल. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आशादायक वाटते ते हे. पण खरवडलेला गाळ नाहीसा होत नाही, तो खाडीत जातो, पाऱ्याच्या शेजारी. तिथे बेकायदा रेती उपशाचे सक्शन पंप त्याला पुन्हा ढवळतात.

औद्योगिक पाणी नदीत नको म्हणून ते वाहिनीने थेट कल्याणच्या खाडीत नेण्याचा जो मार्ग निवडला गेला, त्याच्याकडेही मग वेगळ्या नजरेने पाहावे लागते. नदीकाठच्या रहिवाशाला त्याने हायसे वाटते, आणि त्यात गैर काही नाही. पिण्याचे पाणी उचलण्याच्या जागांपासून हे पाणी दूर न्यायलाच हवे. पण खाडी ही रिकामी जागा नाही. तिथल्या गाळात सल्फेट आहे, पारा आहे, आणि कुजायला सेंद्रिय पदार्थ मिळण्याचीच काय ती खोटी आहे. वाहिनीचे तोंड कुठे ठेवायचे हे ठरवताना भरतीचा वेग पाहिला जातो, पाणी किती पातळ होईल ते पाहिले जाते. तिथला गाळ काय करील हेही पाहायला हवे.

नालेसफाई हे सगळ्यांचे आवडते उत्तर. पावसाळ्याच्या तोंडावर पोकलेन पात्रात उतरतात, काळा चिखल काठावर काढून ठेवतात आणि पहिल्या जोरदार सरीला त्यातला बराचसा परत आत जातो. पूर टाळण्यासाठी गाळ काढावाच लागतो, त्याबद्दल वाद नाही. पण नदी सुधारण्यासाठी म्हणून सरसकट तळ खरवडणे म्हणजे दवाखाना अस्वच्छ आहे म्हणून डॉक्टरांसकट रिकामा करणे. कुठला गाळ विषारी, कुठला नुसता उपाशी, हे न तपासता काढलेला गाळ टाकायचा कुठे, याचेही धड उत्तर मिळत नाही.

तपासणे फार महाग आहे अशातला भाग नाही. तळावर उपडी ठेवायची बंद पेटी आणि तिच्यात ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र, एवढ्यावर गाळाची ऑक्सिजनची भूक कळते. गाळात इलेक्ट्रोड खुपसला की कुठल्या खोलीवर कुठली पंगत चालू आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. विकरांच्या चाचण्या, जनुकांच्या चाचण्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना जमण्याजोग्या आहेत. कल्याण-उल्हासनगर पट्ट्यातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्पाला विषय हवेच असतात. ऑक्टोबर, जानेवारी, मे असे तीन फेरे, प्रत्येक केंद्राच्या वर आणि खाली. प्रदूषण नियंत्रण मंडळाने केंद्राच्या परवान्याच्या नूतनीकरणाला हा ताळेबंद जोडायला सांगितला, तर केंद्राची किंमत पाइपाच्या तोंडाऐवजी अर्धा किलोमीटर खाली ठरू लागेल.

आणि एक पेच याहून नाजूक आहे. प्रक्रिया केलेले पाणी उद्योगांना विकण्याचे धोरण आता सर्वत्र पुढे येते आहे. नागपूरचे पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते, हे त्याचे चांगले उदाहरण. अंबरनाथच्या कारखान्यांनी बारवीचे गोडे पाणी सोडून एसटीपीचे पाणी वापरावे, हे कुणालाही पटेल. मलाही पटते. पण वालधुनीत उन्हाळ्यात दुसरे पाणीच नाही. चांगले शुद्ध केलेले सगळे पाणी एमआयडीसीला विकले तर पात्रात उरेल तो नाल्यानाल्यांतून झिरपणारा, कुणीही न मोजलेला काळा ओघळ, म्हणजे आजच्याहून वाईट. म्हणून विक्रीचा करार करताना नदीसाठी किती पाणी राखायचे आणि त्यात अमोनिया किती चालेल, हे दोन आकडे आधी ठरवले पाहिजेत. बीओडी १० च्या पाण्यातला अमोनिया एक-दोन मिलिग्रॅमवर आणला आणि क्लोरीनऐवजी अतिनील किरणांनी जंतू मारले, तर उथळ, खडकाळ पात्रात तेच पाणी खेळत खेळत ऑक्सिजन घेत जाईल आणि पहिली पंगत तळाशी पुन्हा बसू शकेल. असे पाणी विकलेल्या पाण्यापेक्षा महाग पडेल. अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या सर्वसाधारण सभांपुढे हा विषय कधी आलाच, तर पहिला प्रश्न विचारला जाईल तो हा खर्च कोणी सोसायचा, आणि तो योग्यच प्रश्न असेल.